परत बोलावू का तिला?

नमस्कार. माझी मुलगी जर्मन विषय घेऊन यंदा बी.ए. झाली. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जाऊन बी-वनची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीची, परीक्षाही चांगल्या मार्कांनी पास झाली. ऑगस्टमधल्या चार आठवड्यांच्या उन्हाळी कोर्ससाठी ती जर्मनीत फ्रायबुर्गला गेली आहे. शनिवारी पोचली, आज गुरुवार, आणि एकही दिवस रडल्याशिवाय गेलेला नाही. सोमवारी तिथे एक लेखी परीक्षा घेऊन तिला अपेक्षेपेक्षा खालच्या गटात टाकलं. हॉस्टेलच्या किचनमध्ये फोडणी केली तर धुराचा अलार्म वाजला, शेजारच्या खोलीतली मुलगी तावातावाने काहीतरी बोलून गेली. तेव्हापासून ही किचनकडे फिरकत नाही. मी दिलेले लाडू, चिवडा आणि ब्रेड, यावरच आहे. बाकीची मुलं रात्री फिरायला जातात, ही एकटी खोलीत. आम्ही वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं राहतो. इथे ती अशी घुम्यासारखी बसलेली मी कधी पाहिली नाही. सकाळी उठल्याबरोबर, दुपारी आणि रात्री झोपताना मी व्हिडिओ कॉल करते, तरी प्रत्येक वेळी 'आई, मला परत यायचंय' हेच. तिच्या बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलंय. ते म्हणतात, 'रडायला पाठवलंय का तिला?' मला काही सुचत नाही. परत बोलावू का?

— एक आई, कन्नमवारनगर, विक्रोळी

ताई,

उत्तर आधी देते. आत्ता बोलावू नका. का ते सांगते, आणि कशा परिस्थितीत मागचापुढचा विचार न करता बोलवायचं तेही सांगते. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुम्ही फोन कोणकोणत्या वेळी करता ते लिहिलंत, तिथूनच सुरुवात करू.

उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तुम्ही सकाळी सातला उठून फोन लावता तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. ती लगेच उचलते, कारण जागीच असते. तिचं अंग अजून विक्रोळीच्या वेळेवर चालतंय, आणि विक्रोळीत सातला पाणी भरून, डबे करून निम्मी सकाळ संपलेली असते. रात्री अकराला अंथरुणं घातली की तुमचा शेवटचा फोन. तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. हॉस्टेलच्या दारात मुलं जमतात आणि आज कुठे जायचं ते ठरवतात, ती साधारण हीच वेळ. तुमची लेक तेव्हा खोलीचं दार लावून तुमच्याशी बोलत असते, रडत असते. फोन ठेवून, तोंड धुऊन बाहेर यावं तर पॅसेज रिकामा. आणि समजा मुलं थांबली असली, तरी साडेआठला तिच्या अंगाला मध्यरात्र झालेली असते, डोळे मिटायला लागतात. ती माणसांना टाळतेय असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तिला निव्वळ झोप आलेली असते.

वेळेच्या फरकातल्या एका तासामागे शरीराला साधारण एक दिवस लागतो, असं धरतात. साडेतीन तासांना चार दिवस. त्यातही पश्चिमेकडे गेलेल्या माणसाला हे सोपं जातं, कारण त्याला दिवस नुसता लांबवायचा असतो. म्हणजे एव्हाना तिची घडी बसत यायला हवी होती. पण दिवसातून तीनदा फोन वाजतो आणि ती पुन्हा मुंबईच्या वेळेला बांधली जाते. शिवाय ती संध्याकाळी खोलीत असते. फ्रायबुर्गला ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य मावळतो तो रात्री नऊच्या सुमाराला, आणि संध्याकाळचं हे ऊन डोळ्यांवर पडलं की झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते. 'दिवेलागणीला घरात ये' हे आपण मुलींना लहानपणापासून सांगत आलो. तिथे तो नियम लावला तर ती सातलाच आत येईल आणि बाहेर चांगले दोन तास लख्ख उजेड असेल.

तेव्हा दिवसातून एकच फोन ठेवा, ठरलेल्या वेळी. तिचे तास बहुधा सकाळचे असतील. दुपारी अडीचला ती जेवून मोकळी झाली असेल, तेव्हा इथे सहा वाजलेले असतील आणि तुमच्या हातात चहाचा कप असेल. एवढी वेळ पुरे. मात्र हे अचानक करू नका. आज तीन आणि उद्या एक, असं न सांगता केलंत तर आई रागावली असं ती समजेल. आधी दोघी मिळून बोला, वेळ तिलाच ठरवू द्या. आणि एक स्पष्ट सांगा: तुला वाटेल तेव्हा तू कर, अपरात्री कर, मी उचलीन. फक्त मी आपणहून सारखा करणार नाही. यातून तिला आईचा आधारही राहील आणि दिवसही तिचा तिला मिळेल.

फोनवर काय बोलायचं, हेही लिहिते. 'जेवलीस का? रडलीस का? कोणी काही बोललं का?' असं विचारलं की उत्तरात रडूच येणार. त्याऐवजी तुम्हीच बोला. पाऊस किती झाला, विक्रोळीला गाडी कशी तुंबली, श्रावणी सोमवारी संध्याकाळी काय केलंत, भावाने तिच्या कपाटात काय कोंबून ठेवलंय. घर जागेवर आहे आणि रोजचं चाललंय, हे ऐकलं की मुलांना फार धीर येतो. मग तिला एखादीच नेमकी गोष्ट विचारा. फ्रायबुर्गच्या जुन्या गावात रस्त्याच्या कडेने पाण्याचे उघडे पाट वाहतात, त्यांना बेख्ले म्हणतात. चुकून त्यात पाय पडला तर फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होतं, असं तिथले लोक गमतीने सांगतात. ते पाट पाहिलेस का, हे विचारा. पाहिले नसतील तर उद्या पाहायला जाईल.

आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर 'फोटो टाक, फोटो टाक' चाललं असेल तर ते तुम्ही थांबवा. मनात उमाळे येत असताना आत्याला आणि मावशीला हसरा फोटो पाठवणं ही या मुलांवरची मोठी शिक्षा असते. फोटो नाही आला तर कोणाचं काही अडत नाही.

आता त्या खोलीबद्दल. वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं, असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण तिच्या रडण्याचं निम्मं कारण मला त्या वाक्यात दिसतं. एकवीस-बावीस वर्षांची ही मुलगी आयुष्यात एकदाही खोलीत एकटी झोपलेली नसणार. पंख्याची घरघर, शेजारच्या टीव्हीवरची मालिका, बाबांचं खोकणं, खाली रिक्षा वळवणाऱ्याचा हॉर्न, पहाटे मोरीत बादली भरल्याचा आवाज, हे सगळं असताना तिला झोप लागते. त्याशिवाय कशी लागायची? तिकडच्या खोल्यांत बहुतेक ठिकाणी पंखासुद्धा नसतो. दार लोटलं की आवाजच संपतो. गर्दीच्या लेडीज डब्यात दादरला उतरून दाखवणारी मुलगी त्या शांततेला घाबरते, यात मला नवल वाटत नाही आणि कमीपणाही वाटत नाही. एकटं राहणं शिकावं लागतं, आणि मुंबईतल्या आपल्या घरांमध्ये ते शिकायला जागाच नसते.

यावर माझा साधा उपाय असा, की खोली फक्त झोपण्यापुरती वापरावी. अभ्यास विद्यापीठाच्या लायब्ररीत किंवा कॉमन रूममध्ये. चहा प्यायचा तो कॉमन किचनच्या टेबलाशी बसून. कोणाशी बोललंच पाहिजे असं नाही. आजूबाजूला कोणी कप धुतंय, कोणी फ्रिज उघडतंय, एवढं असलं तरी छातीवरचं दडपण उतरतं. रात्री झोपताना मोबाइलवर पंख्याचा आवाज लावून ठेवायलाही हरकत नाही. तशी रेकॉर्डिंग सहज मिळतात आणि अशा मुलांना ती खरोखर उपयोगी पडतात.

पण कॉमन किचनमध्ये ती जाणार कशी, तर त्या फोडणीपाशी यावं लागेल.

जर्मनीत झोपायच्या खोल्यांमध्ये आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये धुराचे अलार्म कायद्यानेच लावावे लागतात. आपल्याकडे फोडणी करताना सगळी दारं उघडी असतात, तसंच तिने किचनचं दार उघडं ठेवलं असणार आणि धूर पॅसेजमध्ये गेला असणार. काही इमारतींत हा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. विनाकारण बंब आला तर त्याचा खर्चही अंगावर पडू शकतो. शेजारची मुलगी तावातावाने बोलली ती यामुळे घाबरूनही बोलली असेल. तुमच्या लेकीला 'मसाल्याचा वास आला म्हणून ओरडली' असं वाटलं असेल, तर आधी ते मनातून काढायला हवं.

फोडणी बंद करायची गरज नाही, थोडी पद्धत बदलायची. खिडकी उघडायची, पॅसेजकडचं दार लावायचं, तेल मध्यम आचेवर तापवायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण गॅस बंद केला की जाळ तिथल्या तिथे जातो. तिथल्या विजेच्या शेगडीची तबकडी बटण बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. मोहरी तडतडली म्हणून बटण फिरवून आपण हिंग-मिरचीचा डबा उघडेपर्यंत तेल जळतं, आणि धूर होतो तो तेव्हा. म्हणून मोहरी तडतडली की भांडंच उचलून बाजूला घ्यायचं, आणि हिंग, हळद, मिरची खाली उतरवल्यावर टाकायची. हे एवढं तिला सांगा. वरण-भात पोटात गेला की तिच्या आवाजातला फरक तुम्हाला फोनवरच कळेल. दुपारचं जेवण विद्यापीठाच्या कँटीनमध्ये होऊ शकतं. तिथे त्याला मेन्सा म्हणतात, आणि तिथे बिनमांसाचं काहीतरी गरम मिळतं. श्रावण पाळत असेल तर पाटीवर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. अंडं कुठे असतं कुठे नसतं, हे विचारायला तिला भाषा येतेच की.

आणि त्या शेजारणीचं दार तिने वाजवावं. 'परवा अलार्म वाजला, माझ्यामुळे तुला त्रास झाला, सॉरी. आता मी दार लावून करते,' एवढं जर्मनमध्ये म्हणावं. बी-वन झालेल्या मुलीला ही तीन वाक्यं जड नाहीत. समोरची अवघडेल, हसेल किंवा नुसतंच 'ठीक आहे' म्हणेल. काहीही झालं तरी किचनचं दार तुमच्या लेकीला पुन्हा उघडं होईल.

पहिल्या दोन दिवसांचं आणखी एक आहे. ती पोचली शनिवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेतच आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेतही कायम ठेवलं गेलं. आपल्याकडे सगळी शटरं पडलेली फक्त बंदच्या दिवशी दिसतात. तेव्हा या मुलीने परदेशातली पहिली सकाळ सुनसान रस्ते आणि बंद दुकानं पाहत, डब्यातला लाडू खाऊन काढली असणार. कोणाचंही मन खचेल. येत्या शनिवारी तिने रविवारची खरेदी करून ठेवावी. नेमकं काही राहिलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही दुकानं रविवारीही उघडी असतात. जमलं तर शनिवारी सकाळी मुन्स्टरला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या चौकात जावं. रविवार सोडून रोज सकाळी तिथे भाजीफळांचा बाजार भरतो. एक भाजी, एक फळ, जर्मनमध्ये भाव विचारून विकत घ्यायचं. फ्रायबुर्गकडच्या लोकांच्या बोलण्याला त्यांचा स्वतःचा हेल आहे. परीक्षेच्या रेकॉर्डिंगमधली जर्मन इतकी स्वच्छ असते की बाजारात पहिल्यांदा काहीच कळत नाही. कान दोन-तीन बाजारांत सरावतो.

खालच्या गटाचं मात्र तिला फार लागलं असेल. चांगल्या मार्कांनी पास झालेली मुलगी, कर्ज काढून गेलेली, आणि पहिल्याच दिवशी खाली ढकललं. तिला सांगा, ही परीक्षा पास-नापासाची नसते. कोणाला कुठे बसवायचं एवढंच ठरवायला घेतात. तीही तिने तीन रात्रींच्या अर्धवट झोपेवर, पहाटे साडेतीनपासून जागी राहून दिली. आठवडा संपायच्या आत तिने शिक्षकांना तास संपल्यावर भेटून सरळ विचारावं: मला हा गट सोपा वाटतो, वरच्या गटात एक दिवस बसून पाहू का? असे बदल पहिल्याच आठवड्यात होतात, नंतर अवघड जातं. ते नाही म्हणाले तर माझं मत असं की वाद न घालता तिथेच राहावं. व्याकरण तिला मुंबईतही शिकता आलं आणि पुढेही येईल. तिथे जाऊन मिळवायचं ते तोंडाने बोलणं, आणि ज्या वर्गात आपल्याला जास्त येतं तिथे तोंड लवकर उघडतं.

तुम्ही विचाराल, हे सगळं ठीक, पण इतकं रडणं बरं असतं का? कालेर्वो ओबर्ग नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. परक्या संस्कृतीत गेलेल्या माणसाचं काय होतं, यावर त्यांनी १९६० साली लिहिलेला लेख आजही सांगितला जातो, आणि 'कल्चर शॉक' हा शब्द रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी लक्षणं दिली आहेत ती पाहा: सारखे हात धुणं, पिण्याच्या पाण्याची आणि जेवणाची अतोनात काळजी, कुठेतरी टक लावून बसणं, बारीकसारीक खोळंब्याने भडकणं, आणि घरी परत जाण्याची भयंकर ओढ. हे त्यांनी परदेशी कामावर गेलेल्या मोठ्या, जाणत्या माणसांबद्दल लिहिलंय. सुरुवातीचे दिवस कौतुकात जातात असंही ते म्हणतात, पण त्याचं एक कारण त्यांनी असं दिलंय की बहुतेक जण तेव्हा हॉटेलात उतरलेले असतात आणि आपली भाषा बोलणाऱ्या, अगत्याने वागणाऱ्या लोकांतच वावरतात. तुमच्या लेकीला ते कौतुकाचे दिवस मिळालेच नाहीत. ती विमानतळावरून थेट हॉस्टेलच्या किचनमध्ये आणि परीक्षेच्या बाकावर गेली.

तिच्या बाबांना माझा निरोप द्या. हप्ता तेच भरणार आहेत, तेव्हा त्यांची चिडचिड मी समजू शकते, आणि त्या चिडण्यामागे काळजीच आहे हेही दिसतंय. पण कर्जाचा शब्द या चार आठवड्यांत तिच्या कानावर पडू नये. तो ऐकला की मुलगी रडणं थांबवत नाही, सांगणं थांबवते. मग काही खरंच बिघडलं तरी तुम्हाला कळणार नाही, आणि ते कर्जापेक्षा किती तरी महाग पडेल.

आता, केव्हा बोलवायचं. तिला तिथे कोणाची भीती वाटत असेल, कोणी त्रास देत असेल, तर थांबायचं नाही. पुढचा आठवडा संपत आला तरी झोप नाही, जेवण जात नाही, वर्गालाही जात नाही, असं असेल तर बोलवा. जगण्यात अर्थ नाही किंवा स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय असं ती एकदा जरी म्हणाली, आडवळणाने म्हणाली तरी, तिला फोनवर धरून ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला कोर्सच्या लोकांना फोन करायला सांगा. कोर्सच्या ऑफिसचा नंबर, तिच्या इमारतीचा पूर्ण पत्ता आणि खोलीचा नंबर हे आजच तिच्याकडून घेऊन भिंतीवर लावा. तिच्या मोबाइलमध्ये अँब्युलन्स आणि आगीसाठी ११२, पोलिसांसाठी ११० आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हे नंबर असू द्यात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसासाठी, काढलेल्या विम्यात किमान ३०,००० युरोंपर्यंतचा तातडीचा औषधोपचार असावाच लागतो, तेव्हा डॉक्टरकडे जायला तिने खर्चाच्या भीतीने कचरू नये. त्या पॉलिसीची एक प्रत तुमच्याकडेही हवी.

यातलं काही नसेल, तर तिच्याशी एक करार करा. येता शनिवार-रविवार जाऊ द्यायचा, पुढचा आठवडा पुरा करायचा, आणि त्यानंतरच्या रविवारी दोघींनी शांतपणे बोलायचं. तोवर 'परत येऊ का' हा विषय दोघींनीही काढायचा नाही. त्या दिवशीही ती यायचंच म्हणाली तर तिला यायची मोकळीक आहे, हे आजच सांगून टाका, आणि खरोखर द्या. तिकिटाची तारीख बदलायला किती पैसे पडतात ते तुम्ही विमान कंपनीला विचारून ठेवा, म्हणजे त्या दिवशी घाईगडबडीत आकडे ऐकून कोणी चिडणार नाही.

त्या रविवारनंतर मला पुन्हा लिहा. तिला गट बदलून मिळाला का आणि शेजारीण काय म्हणाली, तेही कळवा.